वाटणीत गेलेली ॲक्टिव्हेशन की

पडद्यावर दोनच ओळी होत्या. एकीत सिरियल नंबर मागितला होता, दुसरीत ॲक्टिव्हेशन की. दोन्हींपुढची जागा रिकामी होती. माझ्या मागे डाळमिलचे मालक आप्पा हात पाठीशी बांधून उभे होते.

"आता काय मागतंय ते?"

"नंबर, आप्पा. युनिक्सचा जो डबा येतो, त्यात एक कार्ड असतं. त्यावर छापलेला असतो. डबा कुठे आहे?"

आप्पांनी मुलीकडे पाहिलं. त्यांची मुलगी सुलभा ऑफिसातला कॉम्प्युटर चालवायची. तिनं फरशीकडे पाहिलं.

"डबा नानाकाकांकडे आहे," ती म्हणाली. "दोंडाईच्याला."

"मग फोन लावा ना त्यांना."

कोपऱ्यात वहीखातं घेऊन बसलेले दिवाणजी गालातल्या गालात हसले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी जळगावच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गिरण्या, सोसायट्या, पतपेढ्या माझ्याकडे होत्या. बाई इंजिनियर आलेली पाहून लोक आधी माझ्या मागून कोणी येतंय का ते बघायचे. कोणी येत नसे.

अमळनेरच्या या डाळमिलमध्ये एक मुख्य मशीन आणि त्याला जोडलेले दोन टर्मिनल होते. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, डोकं सगळं मुख्य मशीनमध्ये. त्या मशीनची हार्ड डिस्क गेली होती. मी नवी बसवली. कोणाची किती तूर आली, डाळीचा उतारा किती पडला, पोती कुठे गेली, हा सगळा डेटा सुलभा रोज संध्याकाळी टेपवर उतरवून ठेवायची, त्यामुळे तो शाबूत होता. पण टेप वाचायला आधी मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे इथे युनिक्स, लागते. ती नसेल तर मशीन म्हणजे महाग लोखंडी पेटी.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या फ्लॉपी माझ्या बॅगेत होत्या. त्या सगळ्यांना सारख्याच असतात. वेगळा असतो तो नंबर. प्रत्येक गिऱ्हाइकाचा सिरियल नंबर स्वतंत्र, आणि त्या नंबराला जुळणारी एकच की. जोडी जुळली तर गाडी पुढे सरकते. नाही जुळली तर फ्लॉपींचा ढीग घेऊन बसा. हे मशीन आमच्या कंपनीनं विकलेलं नव्हतं. ज्यानं विकलं त्यानं दुकान बंद करून गाव सोडलं होतं. त्यामुळे नंबर आणि की, दोन्ही फक्त डब्यात.

डबा दोंडाईच्याला कसा गेला, ते सुलभानं चहा पिताना सांगितलं. आप्पा आणि नाना पूर्वी एकत्र होते. मशीन तेव्हाचं. पुढे वाटणी झाली. पंच बसले. मिल आप्पांना, दोंडाईच्याचा मिरचीचा व्यापार नानांना. मग एकेक वस्तू निघाली. कॉम्प्युटरचं बिल पंचांपुढे आलं. त्यात मशीनची एक ओळ होती आणि सॉफ्टवेअरची दुसरी. दोन्हींपुढचे आकडे जवळजवळ सारखे. पंचांना यापेक्षा सोपं काय हवं होतं? ओळी दोन, भाऊ दोन. मशीन थोरल्याला, डबा धाकट्याला. मशीन चालू होतं, त्यामुळे डब्याची गरज कोणाला पडली नाही. दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नव्हते.

"तू काही बोलली नाहीस?" मी विचारलं.

"मी तेव्हा सासरी होते."

नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती. जळगावला कोर्स केला होता आणि वडिलांच्या मागे लागून ही खुर्ची मिळवली होती. आप्पांनी त्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मला सांगितलं, "तुरीची आवक सुरू व्हायच्या आत हे चालू झालं तर बरं. नाहीतर दिवाणजी आहेतच. पोरगी घरी बसेल. तिच्या भावजयीलाही मदत होईल." ते रागानं बोलले नाहीत. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. सुलभानं कपबशा उचलल्या.

मी मिलमधूनच जळगावला साहेबांना फोन केला.

"अहो, त्यात काय एवढं! चोपड्याच्या सोसायटीचा नंबर टाका आणि या निघून."

"तो चोपड्याच्या सोसायटीचा आहे, साहेब."

"त्यांना कोण सांगतंय?"

"मीच सांगेन. त्यांची सर्व्हिस माझ्याकडेच आहे. आणि उद्या इथे काही अडलं तर दुसऱ्याच्या नंबरावर युनिक्सवाली कंपनी मदत देत नाही. मग रात्रंदिवस इथे कोण बसणार?"

"मग त्यांच्या मुंबईच्या ऑफिसला लिहा, डुप्लिकेट नंबर मागा."

"लिहायला हरकत नाही. ते अर्जासोबत मूळ कार्ड मागतात."

"कार्ड असतं तर अर्ज कशाला केला असता?"

"हेच मीही त्यांना मागे विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं दोंडाईच्याला गेले. नाना गोदामाच्या दारात मिरचीच्या पोत्यांजवळ बसले होते. मी नाव सांगायच्या आधीच मला चार शिंका आल्या. त्यांनी पाणी मागवलं, पण अमळनेर हा शब्द ऐकल्यावर ग्लास हातातच राहिला.

"बठ्ठं वाटाई गयं, बाई. आते काय ऱ्हायनं?" सगळं वाटून झालं, आता काय उरलं, असं त्यांचं म्हणणं.

"नाना, मला काही न्यायचं नाही. डब्यातलं एक कार्ड बघायचं आहे."

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. डबा जरीच्या उपरण्यात गुंडाळून ठेवला होता. वर सुतळी, सुतळीला पंचांनी मारलेली गाठ.

"उघडलाच नाही?"

"कशाला उघडू? मना वाटाना शे." म्हणजे माझ्या वाट्याचा आहे.

"नुसता नंबर उतरवून घेते. डबा तुमच्याकडेच राहील. त्यातलं काही कमी होणार नाही."

नाना डब्याकडे बघत राहिले. "नंबर टाकला की भाऊचं मशीन चालेल?"

"चालेल."

"उद्या मी मशीन आणलं आणि हाच नंबर टाकला तर?"

"तसं करता येत नाही. परवाना एकाच मशीनचा असतो."

"मग बाई, मला येडा समजते काय? डब्यात काहीच नाही. माझा वाटा त्या नंबरात आहे. तो तू कागदावर उतरवून नेते आणि वर म्हणते काही कमी होत नाही!"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. परवाना म्हणजे काय हे मी गिऱ्हाइकांना नेहमी समजावत असे. इथे गिऱ्हाईक मला समजावत होतं.

"भाऊ स्वतः आला, मागितलं, तर देईन," नाना म्हणाले.

"ते येणार नाहीत."

"ठाऊक शे माले." हे सांगताना त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मी बॅग उचलली. निघताना जे खरं होतं ते सांगितलं. "मशीन बंद पडून आप्पांचं काही अडणार नाही, नाना. त्यांना दिवाणजी आहेत. घरी बसेल ती सुलभा."

"सुलीचा काय संबंध?"

"कॉम्प्युटर कोण चालवतं असं वाटलं तुम्हाला?"

"दिवाणजी."

"दिवाणजी टर्मिनलवर फडकं टाकून त्यावर पानाचा डबा ठेवतात."

नानांनी डबा मांडीवर घेतला. एक व्यापारी आत आला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मी बॅग परत खाली ठेवली. आपला मुद्दा पोचला की गप्प बसावं, हे मला नोकरीनं शिकवलं.

"वाटणी भावाभावात," शेवटी ते म्हणाले. "लेकीला दिलेलं कोणी वाटणीत धरत नाही. कार्डावर नाव लिहायची जागा असते का?"

"असते. रजिस्ट्रेशन कार्ड असतं. तुमचं कोणी पाठवलंच नसेल."

"मग सुलीचं नाव लिही. भाऊचं लिहिलं तर इथेच परत आणून दे."

"नाना, परवाना तिच्या नावावर झाला तर आप्पांना तिला तिथून उठवणं जड जाईल."

"मग मी इतका वेळ काय सांगून ऱ्हायनू?" असं म्हणून त्यांनी पंचांची गाठ दातांनी सोडली.

संध्याकाळी डबा घेऊन अमळनेरला पोचले. आप्पांनी रजिस्ट्रेशन कार्ड चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं.

"ऑफिस माझं, मशीन माझं, आणि नाव हिचं?"

"परवाना ज्यांच्या वाट्याचा होता त्यांनी तो हिला दिला. ती वापरू देईल तोवर मशीन चालेल."

"आणि नाही दिलं तर?"

"देईन की, आप्पा," सुलभा म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच न विचारता बोलली. "फक्त दिवाणजींना पानाचा डबा दुसरीकडे ठेवायला सांगा."

दिवाणजींनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. पानाचा डबा उचलला गेला.

की टाइप सुलभानंच केली. मी एकेक अक्षर वाचत होते, कारण शून्य आणि ओ हे अक्षर यांत गल्लत झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सिस्टीम पुढे सरकली. फ्लॉपीमागून फ्लॉपी घातली, शेवटी टेप लावली. डेटा परत आला. तुरीची आवक सुरू झाली तेव्हा ती खुर्चीवर होती, आणि मी नोकरी सोडली तेव्हाही ती खुर्चीवरच होती. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मशीन माझं आहे, पण चावी पोरीकडे." तक्रार होती की कौतुक, ते मी विचारलं नाही.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलू लागले का, असं लोक मला विचारतात. नाही. पुढच्याच आठवड्यात दोंडाईच्याहून निरोप आला, कार्ड दिलं ते दिलं, पण डबा परत पाठवा, तो वाटणीतला आहे. सुलभानं रिकामा डबा एसटीच्या पार्सलनं पाठवून दिला.

नवं मशीन बसवायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाला काही ठरलेले प्रश्न विचारायचो. वीज किती वेळ जाते, अर्थिंग आहे का, खोलीत धूळ किती. त्यानंतर मी त्यात एक प्रश्न वाढवला. भाऊ किती? उत्तर एकापेक्षा जास्त आलं, तर परवान्यावर नाव कोणाचं ते मी सगळ्यांना समोर बसवून त्याच दिवशी लिहून घ्यायचे. लोक हसायचे. मी लिहून होईपर्यंत थांबायचे.