जव्हारचं आरमार

बखरकाका समुद्रकाठच्या नवापूरच्या घरी लुंगी नेसून जव्हारचं राज्य चालवायचे. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर इतिहासातली राज्यं चालवण्याचा एक खेळ होता. त्यात लढाया, तह, सोयरिकी, सगळं. असे खेळ खेळणारे पुष्कळ असतात. काका खेळून झाल्यावर त्याची बखर लिहीत, हा त्यांचा खरा नाद.

बोईसरच्या कारखान्यात आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो. जेवणाच्या सुट्टीत काका डबा उघडत आणि शेजारी वही उघडत. बोंबलाच्या चटणीचा घमघमाट आणि 'मग राजे बोलिले' हे दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. ऐन लढाईत वही मिटायची त्यांना भारी खोड. आम्ही ओरडायचो, "पुढं काय झालं?" काका हात धुवायला उठत. "उद्या." पुढे मी नेटवर इतरांनी लिहिलेल्या अशा हकिकती वाचल्या. त्यात जो तो जग जिंकतो. काकांचा राजा मोहिमेवर निघताना त्याला सर्दी व्हायची. मला तोच आवडायचा.

खेळात एक सोय असते. डाव फसला की मागे जाऊन तिथून पुन्हा खेळता येतं. काकांनी ती कधी वापरली नाही. "झालं ते लिवायचं. मागं जाऊन खोटं कशाला जिंकायचं?"

बघता बघता जव्हारचं राज्य डोंगर उतरून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत आलं. काकांनी आरमार बांधलं. आषाढ लागला तशी सगळी गलबतं बंदरात ओढून घेतली. खेळाला कुठलं पावसाळ्याचं भान! फिरंगी भर आषाढात आले आणि नांगरलेलं आरमार बुडवून किनारा घेऊन गेले.

एवढं वाचून काकांनी वही मिटली. आम्ही गयावया केली, "काका, एकदाच मागे जा!"

"नाय. दर्या बंद असताना होडी काढणार कोण? माज्या बापानं नाय काढली. चूक राजाची नाय, माजी हाय. तशीच लिवली."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटचं पान वाचलं. किनारा परत मिळाला नव्हता. राजाकडे जव्हारचा डोंगर तेवढा उरला होता आणि तो नव्या गलबतांसाठी साग तोडत होता. काकांनी वही माझ्या हातात दिली, त्यांच्या चालू डावासकट खेळाची एक प्रत दिली आणि शेवटच्या बसने नवापूरला गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डब्याशेजारी त्यांची वही उघडून बसले.

वर्षभर जपून खेळले. किनारा परत घेतला, गलबतं बांधली. मग खेळात आषाढ आला. फिरंगी टपलेले आहेत हे मला ठाऊक होतं. आरमार बाहेर काढायचं एवढंच काम होतं. मी बोईसरजवळच्या माहीमची, बागायतदाराची मुलगी, होडीत दोनदा बसले असेन. पण हात काही उठेना. गलबतं बंदरातच ठेवली आणि व्हायचं तेच झालं.

मागे जायची खूण समोर दिसत होती. स्वतःला दोन शिव्या घातल्या, कॉम्प्युटर बंद केला आणि काकांच्याच वहीत पुढचं पान लिहिलं. राजा टेकडीवरून जळतं बंदर बघतोय, इथवर आले आणि थांबले. पानाचा फोटो काकांना पाठवला.

पाचच मिनिटांत फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"गो पोरी, पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "उद्या."