कोपऱ्यातला ठिपक्यांचा दगड

अन्याय झाला तो खाणीत दगड फोडून म्हातारी झालेल्या एका बाईवर. केव्हा? चौऱ्याऐंशीच्या होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, घाटकोपरच्या डोंगराखाली आमच्या प्लॉटवर. कोणी केला? आम्ही. मीही त्यात होते, हे आधीच सांगून टाकते.

प्लॉट आमच्या सोसायटीचा. सभासद बहुतेक कोकणातले, गिरणीतून बाहेर पडलेले. माझे बाबाही त्यातलेच. चार मजली इमारत उभी राहायची होती. पाया किती खोल घ्यायचा ते ठरवायला आधी जमिनीत भोकं पाडून बघतात. तीन पायांची लोखंडी घोडी, डिझेलचं इंजिन, गरगर फिरणारा पाइप. आतून निघणारा दगड उसाच्या कांडक्यांसारखा लाकडी पेटीत मांडून ठेवतात. रस्त्याकडच्या तीन भोकांत कातळ दहा फुटांवर लागला होता. कोपऱ्यातल्या चौथ्यात त्या दिवशी बारा फुटांवर लागला. अध्यक्षांनी लगेच नारळ फोडला. मी मनात पत्रकाचा मथळा जुळवला: ‘कातळ लागला!’ सोसायटीची पत्रकं मीच लिहायचे.

त्या कोपऱ्यात या बाईची झोपडी. ती पेटीपाशी आली, दगडाचं कांडकं उचललं, थुंकी लावून ओलं केलं आणि उन्हात धरलं.

“ह्यो हितला न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या खाणीचा दगूड काळा कुळकुळीत. ह्यो ठिपक्याचा. भायेरनं आणून टाकलेला धोंडा हाय.”

“कुठली खाण, म्हातारे?” अध्यक्ष म्हणाले.

“हितंच व्हती, ह्या कोपऱ्यात. तीन बांबू पाणी साचायचं. बंद पडली तवा ट्रक लावून भरली.”

“झोपडी हलवायची वेळ आली, आणि हिला खाण आठवली!”

सगळे हसले. मीही हसले. अध्यक्षांनी तिच्या हातातलं कांडकं हिसकावलं. त्या झटक्यानं ती मातीत बसली. कोणी हात दिला नाही. साडेदहा म्हटलं ते हेच.

खाली बसल्या बसल्या ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू लिवतीस ना गं? मग बाकीच्या पेट्या बघ की.”

बघितल्या. तिन्हींत काळा दगड. चौथीत पांढरे ठिपके. तोवर घोडी उतरवायला सुरुवात झाली होती, ती न्यायला ट्रक मागे येत होता.

“साहेब,” मी इंजिनियरला विचारलं, “कातळ लागल्यावर बाकीच्या भोकांत किती खाली गेलात?”

“दहा फूट.”

“आणि इथे?”

“दीड. पाइपाच्या टोकाचं बिट घासलंय. आजूबाजूला सगळा कातळच आहे ना, इथे वेगळं काय निघणार?”

“खाण निघाली तर? अर्धी इमारत कातळावर, अर्धी भरावावर. मग?”

“तू पत्रकं वाट गं,” अध्यक्ष म्हणाले. “हे तुझं काम नाही.”

मी जाऊन सरळ पाइपांच्या ढिगावर बसले. उचला मला, म्हटलं. बाबा लालबुंद झाले. “ऊठ गो! इतक्या वर्सांनी जागा गावली, आता ह्यो काय खेळ मांडलंस?” मी उठले नाही.

शेवटी इंजिनियर वैतागून म्हणाला, “लावा रे नवीन बिट. होऊ दे हिचं समाधान.”

इंजिन पुन्हा सुरू झालं. भोकात सोडलेलं पाणी पाइपाच्या कडेनं राखाडी होऊन वर येत राहिलं. एक तास तोच घरघराट, तेच राखाडी पाणी. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी चुकले असते तर आम्ही तेव्हा राहत होतो त्या चाळीत आम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि चुकले नसते तर घर लांबणार होतं. मला दोन्ही नको होतं.

एकदम इंजिन हलकं पळालं. पाइप हातभर खाली गेला. पाणी वर यायचं थांबलं.

“आयला,” मशीनवाला म्हणाला, “खाली पोकळ!”

पाइप उपसून काढला. त्यात काय आलं? कोळशाची राख, विटांचे तुकडे, रबरी चपलेचा अंगठा. अध्यक्ष खाली वाकून बघत राहिले. तिची माफी कोणी मागितली नाही.

मी पत्रक लिहिलं: ‘जागरूक सभासदांनी धोका टाळला’. त्यात ती नव्हती. अधूनमधून हे पत्रक काढून बघते, अजून लाज वाटते. त्या कोपऱ्यात खांब खऱ्या कातळापर्यंत नेले, आणि खांबांचं मशीन आत यायला तिची झोपडी मोडली. मी तेव्हा छापखान्यात होते.

आज आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. भिंतीला एक तडा नाही. तिला एक खोली द्या म्हणून मी सभेत तीनदा उठले. तीनदा मला उत्तर मिळालं, ती सभासद नाही. कांजूरमार्गला कचऱ्याच्या बाजूला ती राहते, असं ऐकलं. गेले, सापडली नाही.

तुमच्या सोसायटीच्या कपाटातून बोअरिंगचा रिपोर्ट बाहेर काढा. कातळ लागल्यावर आणखी किती फूट खाली गेले ते वाचा. मग त्या जमिनीवर तुमच्या आधी कोण राहत होतं ते विचारा, त्याला शोधून काढा, आणि पुढच्या सभेत त्याच्या घराचा ठराव तुम्ही मांडा.