देवाच्या आसनाचे वजन

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे.

माझे दोन्ही हात पुढे होते आणि त्यांवर चौघडी घातलेली नवी काळी घोंगडी होती. समोर देवळाचा उंबरा, नुकताच पितळी पत्र्याने मढवलेला. उंबऱ्याच्या आत देवस्थान समितीचे अध्यक्ष उभे होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते.

"हितंच ठिव, बाय. आत नको."

मी घोंगडी बाहेरच्या फरशीवर ठेवली. अण्णांच्या थोरल्या सूनबाईंनी तांब्यात दूर्वा बुडवून तिच्यावर गोमूत्र शिंपडले. एकदा, दोनदा. मग कंटाळून तांब्याच कलता केला. थेंब माझ्या पायांवर उडाले.

"पाय मागं घे गं. वाया चाललंय."

मंडपातून कोणीतरी ओरडले, "ऱ्हाऊ द्या की वैनी, तिलाबी चालतंय त्ये!"

सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून माफ करता आलेले नाही.

आमचे घर मेंढरांचे. येडगाव धरणाच्या पाण्यापासून वर, माळावर. वडील, म्हणजे आबा, दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आई सूत कातते. आबा घरी असतील तेव्हा मागावर विणतात आणि विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. देवळाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी एक कोरी घोंगडी आमच्या घरातून जाते. गाभाऱ्यात ती अंथरतात. तिच्यावर तांदळाची रास, राशीवर तांब्याचा कलश, कलशावर नारळ. लोकरीला विटाळ लागत नाही, म्हणून ती देवाचे आसन, असे सांगतात.

आमच्या घरात याला मान म्हणतात. आठ वर्षांची असताना मी आबांना ती उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरताना पाहिले होते. तुम्ही आत का गेला नाहीत, असे विचारले. आबा म्हणाले, "आपला मान हितवरच हाय." ते अभिमानाने म्हणाले होते. उंबऱ्यापर्यंतच्या अंतराला मान समजण्याची चूक आमच्या घराने पिढ्यान् पिढ्या केली, आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊनही मी ती चालू ठेवली. यंदा आबा कोकणात, आईचा गुडघा सुजलेला. म्हणून घोंगडी माझ्या हातात आली.

त्या दिवशी माझ्याकडे दुसरेही काम होते. मी मंचरजवळ दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. समितीने मला नऊ वाजता भाषणासाठी दहा मिनिटे दिली होती. विषय, पूजेतील प्रतीकांचा अर्थ. "जरा सायन्स टाका त्यात," अण्णा फोनवर म्हणाले होते.

मी टाकले. कलश म्हणजे पूर्णत्व, नारळ म्हणजे अहंकार, दिवा म्हणजे ज्ञान. घोंगडीविषयी लिहिले, लोकर उष्णतेची व विजेची दुर्वाहक असल्याने उपासकाची ऊर्जा जमिनीत जात नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग पदार्थविज्ञान आहे. दुसऱ्या अर्ध्याला कोणताही प्रयोग नाही. असा अहवाल एखाद्या शिकाऊ मुलीने माझ्या टेबलावर ठेवला असता, तर मी तो परत केला असता. तरीही मी ते वाक्य लिहिले, कारण देवळाबाहेरच्या फ्लेक्सवर माझे नाव होते. आमच्या घरातल्या कोणाचेही नाव तोवर त्या गावात छापून लागले नव्हते. मला ते नाव हवे होते. फार हवे होते.

हसणे थांबल्यावर सूनबाई घोंगडी उचलायला वाकल्या. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एक साधे समीकरण मांडले गेले. ते मी मोठ्याने बोलले.

"अण्णा, लोकरीला विटाळ लागत नाही ना?"

"न्हाईच लागत. म्हनून तर देवाला चालती."

"मग हे गोमूत्र कशासाठी?"

सूनबाईंचे हात थांबले. आत गुरवांनी राशीचे तांदूळ सुपात घेता घेता मान वर केली आणि लगेच खाली घातली. उत्तर त्या तिघांनाही ठाऊक होते. मला त्या क्षणी कळले. लोकर शुद्धच होती. धुवायचे होते ते आमचे हात. आईची सूत कातणारी बोटे, आबांची मागावरची बोटे, आणि पुढे केलेले माझे तळहात.

अण्णा हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाले, "तू शिकलीस, लई बरं झालं. पन परत्येक गोष्टीचा अर्थ इचारायचा नसतो, पोरी."

अर्थ सांगायलाच त्यांनी मला बोलावले होते. कलशाचा, नारळाचा, दिव्याचा. उंबऱ्याचा अर्थ मात्र यादीत नव्हता.

मी घोंगडी उचलली. ओली बाजू अंगाशी आली.

"अगं, मुहूर्त!" सूनबाई म्हणाल्या.

"घोंगडी अंथरायची तर मी आत येऊन अंथरीन. नाहीतर ती घरी जाईल."

कोणी बाजूला सरले नाही. मी वळले. पायऱ्या उतरत असताना माइकवरचा मुलगा, त्याला काहीच कळले नव्हते, उत्साहाने सांगत होता, "आपल्या गावची कन्या, शास्त्रज्ञ, थोड्याच वेळात आपल्याला मार्गदर्शन करतील!" मंडपातल्या बायकांनी वाट दिली. त्यांतल्या दोघी माझ्याबरोबर दहावीपर्यंत शिकल्या होत्या. एकीने पदर सावरून घेतला. माळापर्यंत दोन किलोमीटर मी एकटी चालले. मागे कोणाचीही पावले नव्हती.

देवाचे काही अडले नाही. नारायणगावच्या दुकानातून लाल ब्लँकेट आणले आणि साडेनऊला पूजा झाली. आईला हे शेजारणीने सांगितले. आई भिंतीला टेकून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "तुला नोकरी हाय."

त्याचा अर्थ मला माहीत होता. मेंढरे कोकणातून परतली की त्याच लोकांच्या रानात बसतात. मेंढरांच्या लेंड्यांचे खत त्यांना, चारा आणि धान्य आम्हाला. रान नाकारले, तर कळप उपाशी. संध्याकाळी आबांचा फोन आला. मी सगळे क्रमाने सांगितले. मेंढरांच्या कालव्यातून आबा म्हणाले,

"बरं केलंस असं म्हनत न्हाई. वाईट केलंस असंबी म्हनत न्हाई. पन औंदा मेंढरं कुनाच्या रानात बसवायची, त्येवढं सांग."

मी फोन ठेवला आणि नोंदींची वही उघडली.

त्या एका प्रश्नाने मला जेवढे एकटे केले, तेवढे अण्णांच्या हसणाऱ्या मंडपानेही केले नव्हते. मी रजा वाढवली. मला जे करता येते ते केले. मोजले. दूध तपासणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवायची सवय असते. शनिवारी दुपारी दोन वाजता मी कोरी घोंगडी घरच्या डिजिटल काट्यावर ठेवली होती, २३४० ग्रॅम. रविवारी देवळातून परतल्यावर २४१८. मग ती सावलीत दोरीवर टाकली. लोकर हवेतली ओल पिते, म्हणून वजनाची वेळ दुपारी दोनचीच ठेवली. सोमवारी २३४९. मंगळवारी २३४३.

पाणी उडून जाते, क्षार राहतात. आईच्या बोटांचा घाम, आबांच्या हातची खळ, मेंढराच्या अंगाची माती, हे सगळे त्या २३४० ग्रॅममध्येच होते, आणि अशाच घोंगड्यांवर देव वर्षानुवर्षे बसत आला. वरचे जे तीन ग्रॅम वजन राहिले, ते आम्हाला शुद्ध करण्यासाठी ओतलेल्या गोमूत्राचे आहे. ते आमचे नाही.

भाषणाची दोन पाने मी चुलीत घातली नाहीत. ऊर्जेच्या वाक्यावर लाल रेघ मारली, समासात 'पुरावा नाही' असे लिहिले आणि सही केली. पुढच्या वर्षी समितीचा माणूस घोंगडी मागायला येईल, किंवा येणार नाही. आला, तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायची घोंगडी या घरातून मिळणार नाही. आबांना कोणी रान दिले नाही, तर त्या कळपाच्या चाऱ्याला माझा पगार लागेल. हे मी आबांना कळवले आहे. त्यांचे उत्तर आलेले नाही.

वहीतली शेवटची नोंद. बुधवार, १२ फेब्रुवारी, दुपारचे दोन. वजन स्थिर. २३४३ ग्रॅम.