गारपीट बोडा

आलम सिंगाच्या नाकाच्या शेंड्यावर राग होता असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. वळणावरून आधी राग यायचा, मागून आलम सिंग. रस्त्याच्या कामावर असताना मुकादमाने खडीचं माप कमी धरलं, तर याने मुकादमालाच उचलून खडीच्या ढिगावर बसवलं आणि काम सोडून गावी निघून आला. गावातल्या एकुलत्या एका दुकानदाराशी त्याने नऊ वर्षं अबोला धरला, का तर त्याने गुळात माती आहे हे कबूल केलं नाही. नऊ वर्षं हा माणूस गुळासाठी खालच्या बाजारापर्यंत उतरायचा, परत चढून यायचा आणि पावलागणिक दुकानदाराचा उद्धार करायचा. शिवी मात्र त्याची एकच. आईबहिणीवर तो कधी गेला नाही. "तुझ्या चुलीत गवत उगवो," एवढंच म्हणायचा, पण असा म्हणायचा की ऐकणारा घरी गेल्यावर आधी चूल बघायचा.

गावातली पोरं त्याला गारपीट बोडा म्हणत. बोडा म्हणजे बापाचा थोरला भाऊ, पण आमच्या गढवालात पिकल्या केसांच्या कुठल्याही माणसाला पोरं बोडाच म्हणतात. गारपीट का, ते मात्र नीट सांगायला हवं, कारण त्या एका शब्दाने या माणसाची बारा वर्षं नासवली.

भाद्रपदात नंदाष्टमीला देवीला वरच्या बुग्यालातली, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या गवताळ रानातली, ब्रह्मकमळं लागतात. तुमच्या कुंडीत रात्री उमलून सकाळी मान टाकणारं ते नाजूक प्रकरण नव्हे. हे दगडाच्या कपारीत, बर्फाच्या शेजारी, पिवळट पाकळ्यांची मूठ वळून उभं असतं. नंदा आमची लेक. वर्षातून एकदा माहेरी येते, आणि सासरी कैलासाला निघाली की माहेरच्यांनी तिच्या ओटीत ही फुलं घालायची. तिच्याआधी कुणी एक जरी फूल तोडलं, तरी डोंगरावरची सगळी उष्टी.

दर साली दोन घरांची पाळी येते, घरटी एक माणूस फुलारी होऊन वर जातो. अनवाणी जायचं, एक वेळ खायचं आणि भोजपत्राच्या शेवटच्या झाडापासून पुढे मौन. फुलं देवळात पोचेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. वर आछरींचं राज्य, आणि त्या पऱ्यांना मोठा आवाज खपत नाही. फुलारी परत आला की त्याला कुणी काही विचारत नाही. मौन पाळलं असेल तर त्याने टोपली देवळापुढच्या शिळेवर ठेवायची. मोडलं असेल तर खाली मातीत ठेवून बाजूला उभं राहायचं. तिथे आजवर कुणी खोटं केल्याचं ऐकिवात नाही.

बारा वर्षांपूर्वी पाळी आलम सिंगाची होती. वर पोचतो तर गजे सिंग मेंढपाळाच्या बकऱ्या फुलांत शिरलेल्या. झालं. "तुझ्या चुलीत गवत उगवो" अख्ख्या डोंगराने ऐकलं. खाली येऊन आलम सिंगाने टोपली सरळ मातीत ठेवली, कुणाकडे न बघता. लपवालपवी त्याच्या रक्तातच नाही. आणि नवव्या दिवशी गारा पडल्या, लिंबाएवढ्या. उभा राजमा झोपला, राजगिरा झोपला, आणि तो हिवाळा गावाने बटाट्यांवर काढला.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. तेवढी छाती कुणाची? पण पोरं गारपीट बोडा म्हणायला लागली, आणि घरात ऐकल्याशिवाय पोरं असलं काही म्हणत नसतात.

"आभाळातल्या गारा काय माझ्या बापाच्या चाकरीला आहेत?" असं तो बायकोला, बिशनीला, बारा वर्षं विचारत आला. ती रोट्या थापता थापता ऐकून घ्यायची. पण भाद्रपदात आभाळ दाटलं की हाच माणूस अंगणात उभा राहून वर बघत राहायचा, आणि तेव्हा त्याच्याशी बोलायची सोय नसायची. गाव म्हणतं ते खरं असेल तर, ही भीती त्याला आतून खात होती. भीती वाटते याचा त्याला आणखी राग यायचा.

यंदा पाळी फिरून त्याच्या घरावर आली. एकदा, फक्त एकदा टोपली शिळेवर ठेवायची. मग बघू कोण गारपीट म्हणतो ते. बाकी त्याला आयुष्याकडून काही नको होतं.

निघताना बिशनी त्याच्या पाठीला टोपली बांधत होती. "तोंडाला दोन टाके घालून देऊ का?" तिने विचारलं.

"तुझ्या चु..."

"म्हणा, म्हणा. सगळं गवत इथेच उगवून घ्या. वर शिल्लक नको."

खरं तर तो चार दिवसांपासूनच धुमसत होता, आणि ते लेकीपायी. सतेश्वरी त्याची एकुलती एक. डोंगर चढण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आली आणि आता शहरातल्या लोकांच्या टोळ्या वर फुलं दाखवायला नेते. पोरगी परक्या पुरुषांना घेऊन डोंगर हिंडते म्हणून गावाने नावं ठेवली, तेव्हा आलम सिंग एकेकाच्या दारात जाऊन उभा राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून नावं ठेवणं बंद. पण अष्टमीच्या आठवड्यात कुणाला वर नेऊ नकोस, हे त्याने तिला बजावून सांगितलं आणि तिने ऐकलं नाही. लोकांच्या तारखा ठरल्यात, बघायला येतायत, तोडायला नाही, म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. दोघांचा आवाज एकच, जाड आणि फाटका. भिंतीपलीकडच्या शेजारणीला कोण काय बोलतंय तेच कळेना. त्या दिवसापासून बापलेकीत अबोला होता, आणि ती टोळी घेऊन वर गेली होती.

दुसरा फुलारी केसर सिंग. हा गडी झोपेतही बोलतो. चढताना त्याने सुनेचं बाळंतपण, म्हशीचं दूध आणि सरपंचाचं पोट, सगळं बोलून संपवलं, कारण पुढे बोलता येणार नव्हतं. भोजपत्राचं शेवटचं झाड दिसलं तसा हसून म्हणाला, "भैजी, माझं मौन मोडलं तर चार गप्पा सांडतील. तुमचं मोडलं तर गारा. सांभाळून."

बारा वर्षांत हे तोंडावर बोलणारा हा पहिलाच. आलम सिंगाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर पाऊल झाडाच्या मुळावर पडलं होतं. उत्तर गिळावं लागलं. ते त्याला पुढची चढण संपेपर्यंत पोटात टोचत राहिलं.

आणि मग बुग्याल आलं. मागच्या खेपेला त्याने ते धड पाहिलंच नव्हतं, बकऱ्याच पाहिल्या होत्या. आज रान फुललं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. जांभळी, पिवळी, रक्तासारखी लाल. मधूनच एखादं निळं, की बघणाऱ्याने डोळे चोळावेत. गुडघ्याएवढ्या फुलांतून तो अनवाणी पाय जपत जपत टाकत होता. वारा आला की सगळं रान एका बाजूला कलायचं आणि परत उभं राहायचं. आलम सिंग थांबला. त्याला कुणाचा राग येत नव्हता. असं कधी झालं होतं, त्याला आठवेना. आपली पोरगी लोकांना हे दाखवायला आणते, यात तिचं चुकतं तरी काय, असंसुद्धा क्षणभर मनात येऊन गेलं.

तेवढ्यात त्याला नारिंगी जाकीट दिसलं.

वरच्या कपारीशी एक माणूस उकिडवा बसला होता. पुढ्यात ब्रह्मकमळ, या बाजूचं सगळ्यात मोठं. माणसाने खिशातून चाकू काढला आणि फुलाच्या बुडाशी माती उकरायला लागला. मुळासकट हवं होतं त्याला, घरी न्यायला. उद्या अष्टमी, आणि आज हा देवीचं ताट उष्टं करायला बसलेला.

आलम सिंगाच्या डोक्यात रक्त चढलं. घशापर्यंत शिवी आली. त्याने टोपलीचा पट्टा दातात धरला आणि पळत सुटला, धारदार दगडांवरून, अनवाणी. पट्टा दाताखाली करकरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. पन्नास पावलं होती. पोचणं शक्य नव्हतं. एक शब्द टाकला असता तर तो माणूस जागच्या जागी थिजला असता, आणि तोच एक शब्द टाकायची सोय नव्हती. खालून धुकं चढत होतं. चाकू देठाला लागला.

"ए! हात काढ! तुझ्या चुलीत गवत उगवो!"

आवाज जाड आणि फाटका. डोंगराने तो तीनदा परत फेकला. मागे धापा टाकत येणाऱ्या केसर सिंगालाही वाटलं की संपलं, मोडलं यांनी. पण आलम सिंगाचा पट्टा दातातच होता. धुक्यातून सतेश्वरी बाहेर आली, माणसाच्या हातातला चाकू हिसकावला आणि फुलाभोवतीची माती परत दाबून बसवली. फूल उभं राहिलं. मग तिने मान वर केली आणि समोर बाप दिसला, दातात पट्टा, टाचेतून रक्त.

आपण वर ओरडलो हे तिला तेव्हा कळलं. तिचं तोंड पांढरं पडलं. बापाला तिला पुष्कळ सांगायचं होतं. तारखा ठरल्यात काय, घे आता, हेही सांगायचं होतं आणि शाब्बास हेही. काहीच सांगता येत नव्हतं. त्याने नुसते डोळे वटारले. मग वाकून हात जोडले आणि देवीचं पहिलं फूल म्हणून तेच फूल तोडलं.

खाली भोजपत्राच्या रानात गजे सिंग मेंढ्या चारत होता. बारा वर्षांपूर्वीचाच. धुक्यात त्याला दिसलं काही नाही, पण ती शिवी त्याने एकदा स्वतः खाल्लेली, तो विसरतो होय? मेंढ्या कुत्र्यावर सोडून तो तरातरा गावात उतरला.

दुसऱ्या दिवशी फुलारी देवळाशी पोचले तेव्हा सगळं गाव उभं होतं. बायका शेतांकडे बघत होत्या, राजमा कापणीला आला होता. घंटेजवळ गजे सिंग. आलम सिंगाला बघताक्षणी सगळं कळलं.

शिळा चार पावलांवर होती. टोपली त्यावर ठेवली असती तर ती खरीच ठेवली असती. पण मग गावाने विचारलं असतं, तुम्ही नाही तर कोण? ती शिवी येणारी या डोंगरात दोनच तोंडं. आणि यंदा गारा आल्या असत्या तर? पोरं सतेश्वरीच्या मागून काय ओरडत गेली असती, ते त्याला पाठ होतं. बारा वर्षं ऐकलं होतं त्याने.

असा राग आला त्याला. गावाचा, गज्याचा, नारिंगी जाकिटाचा, पोरीचा, आभाळाचा. त्या रागातच तो वाकला आणि टोपली मातीत ठेवून बाजूला उभा राहिला.

केसर सिंगाचे डोळे खोबणीतून बाहेर यायचे बाकी राहिले. पण टोपली अजून त्याच्या पाठीवर, मौन सुटलेलं नाही, बोलतो कसा? त्याने हात केले, मान हलवली. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला जोडीदाराची लाज वाटतेय. पुजाऱ्याने केसर सिंगाची फुलं देवीला वाहिली. आपली फुलं आलम सिंगाने स्वतः नेऊन ओढ्यात सोडली. तिथेच मागून पळत आलेल्या केसर सिंगाचं बखोट धरून तो म्हणाला, "केसरू, तोंड उघडलंस तर..." आणि बखोट सोडून त्याने शेताची वाट धरली.

संध्याकाळी सतेश्वरी उतरली. आईकडून ऐकलं तशी बॅगसुद्धा न टाकता तडक शेतावर गेली.

"मी जाऊन सांगते पंचांना."

"बस खाली."

"देवीसमोर खोटं केलंत तुम्ही, बाबा."

"वर कोण ओरडलं ते देवीने बघितलंय. तिला काय सांगायचं राहिलंय?"

"आणि गावाला?"

"गावाला माझी सवय आहे. मला आता वर कितीसं चढायचंय? तुला अजून चाळीस वर्षं चढायचंय." ती रडायला लागली तसा तो भडकला. "आणि ओरडलीस ती ओरडलीस, माझी शिवी कशाला घेतलीस? एवढी शिकलीस, स्वतःची एक शोधता आली नाही?"

त्या साली गारा पडल्या नाहीत. राजमा असा आला की ठेवायला कणग्या पुरेनात. आणि गाव काय म्हणालं? केसर सिंगाची फुलं शुद्ध होती, म्हणून वाचलो.

हे कानावर आलं त्या दुपारी आलम सिंग घराच्या दगडी छपरावर चढला. खाली प्रत्येक अंगणात राजम्याची झोडणी चालू होती. त्याने कमरेवर हात ठेवले.

"गारा पडल्या की आलम सिंगामुळे, आणि नाही पडल्या की केसर सिंगामुळे होय रे? तुमच्या सगळ्यांच्या चुलीत गवत उगवो!"

लोक हसले. सतेश्वरी अंगणात शेंगा सोलत होती, ती मात्र हसली नाही. आणि दोन घरं पलीकडे केसर सिंग, झोपेतही बोलणारा केसर सिंग, मान खाली घालून राजमा झोडत राहिला आणि एक शब्द बोलला नाही.