वरचा सांबार

कमलच्या घराला मातीचा तुकडा नव्हता. दारापुढं चार हात फरशी, फरशीपुढं नाली, नालीपलीकडं दुसऱ्याची भिंत. तरी सौंसरच्या बसस्टँडवर लोक ज्याची तारीफ करत, तो सांबार तिच्याच दारात उगवत होता. तिकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.

ती रामाकोन्याहून सोळाव्या वर्षी लग्न होऊन या बौद्ध वस्तीत आली. पंधरा वर्षं तिनं दुसऱ्यांचा कापूस वेचला. नवरा दादाराव बोरगावच्या बगीच्यांत संत्रा तोडायला जाई. हंगाम संपला की फुटक्या पेट्या फेकल्या जात. त्यातली एकेक तो डोक्यावर घरी आणी, चुलीला होईल म्हणून. कमलनं त्या जाळल्या नाहीत. आतून बारदाना लावला, नाल्याकाठची काळी माती भरली, शेजारच्या शेळ्यांचं लेंडीखत घातलं.

बाकीच्या बाया धणे पायताणाखाली रगडून फोडत. कमल विटेच्या तुकड्यानं फोडी. खायची वस्तू पायाखाली घ्यायची नाही, हा तिचा हट्ट. अशा चौदा पेट्या झाल्या. आठवड्याला दोन पेरायच्या, दोन कापायच्या. डालड्याच्या डब्यांत मिरच्या, फुटक्या घमेल्यांत टमाटर. उन्हाळ्यात ती पेट्यांवर ओलं पोतं टाकी आणि दुपारी तीनदा उठून हात लावून बघे, माती थंड आहे का.

बसस्टँडसमोर रघुनाथरावांचं हॉटेल होतं. तर्री-पोह्यांचं, म्हणजे वर हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांचं. सकाळी कमल ओल्या फडक्यात सांबार गुंडाळून नेई आणि तिथं देई. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारे लोक पोहे खात आणि म्हणत, सांबार काय ताजा आहे हो! रघुनाथराव हसून म्हणत, "आमच्या कमलच्या घरचा आहे." चार वर्षं असं चाललं.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात संत्रा तोडताना दादाराव शिडीवरून पडला. कंबर गेली. आता घर तिच्या एकटीवर आलं. नुसत्या सांबारावर दोन माणसं जगत नाहीत. तिनं ठरवलं, आपलाच ठेला लावायचा.

"चार वर्षं लोक माझ्या हातचं खाऊनच राहिले ना," ती म्हणाली. "आता पोहेही खातील."

दादाराव खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "हातचं नाही व. पेटीतलं."

"पेटीत काय आपोआप येते का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मंग कसं म्हनता?"

तो भिंतीकडं तोंड करून पडला.

तिचा मामेभाऊ चिंधू केळी विकत असे. त्याचा जुना ठेला तिनं आणला, घासला, निळा रंग दिला. बसस्टँडच्या कडुलिंबाखाली उभा केला. पहिल्या दिवशी ती चारला उठली. पोहे मोकळे झाले, तर्रीवर लाल तवंग आला. कांदा बारीक चिरला, टमाटर चिरला. सांबार मात्र चिरला नाही. गिऱ्हाईक आलं की समोर कापायचा, म्हणजे वास दरवळेल. एक पेटी तिनं ठेल्याखालीच आणून ठेवली होती.

पहिली बस आली. चार प्रवासी उतरले, खाल्लं, एकानं पुन्हा मागितलं. कमलनं पुढच्या प्लेटसाठी सांबार कापायला घेतला.

नत्थूजी बाकावर बसले होते. तहसीलमधून निवृत्त झालेला माणूस. सकाळ त्यांची तिथंच जायची.

"भाऊ, नागपूरचे का तुमी?" त्यांनी दुसरी प्लेट खाणाऱ्याला विचारलं.

"हो."

"मंग खा बाप्पा. तुमाले काय मालूम."

"काय मालूम?"

नत्थूजींनी नुसती वस्तीकडं हनुवटी केली. "तिकडची बाई हाय."

प्रवासी तरुण होता. त्यानं पैसे पूर्ण दिले. प्लेट अर्धी भरलेली होती, ती त्यानं अगदी हळू, आवाज न करता खाली ठेवली. मग नळावर जाऊन हात धुतले.

कमलला राग आला तो नत्थूजींचा. "काहून जी? परवा रघुनाथरावांकडं माझ्याच सांबारासाठी दुसरी प्लेट मागतली तुमी. मी तिथंच होती."

"सांबाराची गोष्ट येगळी व. तो का तू शिजवते? तो तं मातीतून येते."

बाकावर बसलेले आणखी दोघे हसले. कोणाला त्यात वाईट काही बोलल्यासारखं वाटलं नाही. नत्थूजींनाही नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन बाया ठेल्यापाशी आल्या. कमलनं लगेच प्लेट पुसली. "पोहे नाही व," एक म्हणाली. "सांबार दे जुडीभर. बाजारात असा भेटत नाही." कमलनं पेटीतला कापून दिला. तिसऱ्या दिवशी पाच बाया आल्या. रोज सांबार आधी संपे. पोह्यांचं पातेलं तसंच घरी जाई. शेजारी खाऊन खाऊन कंटाळले.

आठव्या दिवशी रघुनाथराव रस्ता ओलांडून आले. इकडं तिकडं पाहिलं.

"कमल, माह्याकडं सांबार काहून बंद केला?"

"ठेल्याले लागते, भाऊ."

"तुया सांबाराबिगर गिऱ्हाईक नाराज हाय माहं. हे पोहे कायले करून राहिली तू? कोन खाते?"

"तुमी सांगा, काहून नाही खात?"

ते ओशाळले. माणूस वाईट नव्हता. दादाराव पडला तेव्हा जीप करून नागपूरला त्यांनीच पोचवलं होतं. "मी नाही मानत असं काही," ते म्हणाले. "गिऱ्हाईक मानते. कच्च्याले काही नसते व. शिजलेल्याची गोष्ट येगळी. जुनं हाय ते, तू मी काय करनार?"

"तुमी नाही मानत ना?"

"नाही."

"मंग खा."

तिनं प्लेट भरली. पोहे, त्यावर तर्री, कांदा, टमाटर. पेटीतून चार काड्या तोडून बारीक कापल्या आणि वर पसरल्या. प्लेट पुढं केली. रघुनाथरावांनी ती घेतली. छिंदवाड्याची बस उभी होती. त्यांच्या हॉटेलातली माणसं दारात येऊन पाहत होती. नत्थूजी बाकावर पुढं सरकून बसले.

रघुनाथरावांनी प्लेट बराच वेळ हातात धरली. मग दोन बोटांनी वरचा सांबार तेवढा उचलला. तोंडात टाकला. सावकाश चावला.

"तोड नाही तुया सांबाराले," ते म्हणाले आणि प्लेट ठेल्यावर ठेवली.

कमल प्लेटकडं पाहत राहिली. पोह्यावर, जिथून सांबार उचलला, तिथं बोटांची जागा तेवढी दिसत होती. बस सुटली. रघुनाथराव रस्ता ओलांडून परत गेले, आणि जाताना त्यांची मान खाली होती, हे तिनं पाहिलं. त्याचं तिला काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी दादारावनं खाटेवरून विचारलं, "गेलं का काही आज?"

"सांबार सारा गेला," ती म्हणाली.

त्यानं मान वळवून पाहिलं. पातेलं दारात तसंच होतं.

महिन्याभरात चिंधूनं ठेला परत नेला. त्यावर केळी लागली. निळा रंग छान दिसतो असं लोक म्हणत. कमलनं पेट्या वाढवल्या. चौदाच्या बावीस केल्या, फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. रघुनाथरावांचं हॉटेल, बाजारातली दोन दुकानं, गावातल्या बाया, सगळ्यांना तिचा सांबार पुरू लागला. घर चाललं. दादारावचं औषध आलं.

पोहे तिनं पुन्हा केले नाहीत. घरीसुद्धा. दादारावला आवडत, पण त्यानंही कधी मागितले नाहीत.