आडे गुरुजींचं जहाज

गुरुजींच्या फोनमधले फोटो मोठ्या टीव्हीवर दाखवायची कल्पना माझी. फोन माझ्याकडे चार्जिंगला दिला होता, दाखवायला नव्हे, हा फरक त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा मी सचिव. सचिव म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि चिवडा आणणारा. दर महिन्याला एक व्याख्यान ठेवावं लागतं, आणि मधुमेह, मनःशांती, मृत्युपत्र हे तिन्ही विषय दोन-दोनदा होऊन गेले होते. म्हणून मी रामराव आडे गुरुजींना धरलं. विषय ठेवला, 'जहाजाची सफर : काही व्यवहारी सूचना'. यवतमाळात हा विषय नवाच. इथून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र एक अख्खी रात्र लांब. अध्यक्ष चंद्रशेखर देशकरांनी तर प्रास्ताविकातच सांगून टाकलं, "आपला सर्वांचा पाण्याचा अनुभव निळोण्याच्या धरणापुरता." टाळ्या पडल्या. गुरुजी मात्र मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर सात वेळा जाऊन आलेले.

व्याख्यान रंगात आलं होतं. नुसत्या बोलण्यापेक्षा चार चित्रं दिसली तर बरं, असं वाटून मी मागच्या मागे फोन टीव्हीला जोडला. गुरुजी म्हणत होते, "आता समुद्र म्हणजे कसा, तं..." आणि पडद्यावर आली एका वेटरची पाठ. पांढरा कोट, हातात ताट. मी घाईनं पुढचा फोटो लावला. तोच वेटर, पाठीकडूनच. पुढचा, तोच वेटर, स्वयंपाकघराच्या दारात अर्धा आत. मी दाबत गेलो आणि वेटर येत गेला. तीसेक फोटो झाले असतील. त्यात समुद्राचा एक थेंब नव्हता.

"गुरुजी, समुद्र कुठं हाय हो?" मागून कोणीतरी विचारलं.

"अन् हा पोट्टा कोण?"

सभागृह हसलं. मीही हसलो, हे लपवत नाही. गुरुजी व्यासपीठावरून उतरले, टीव्हीपाशी आले, वायर ओढून काढली, फोन खिशात घातला आणि "आभार" एवढंच म्हणून दारातून निघून गेले. शाल, श्रीफळ आणि चिवडा तिघंही मागे राहिले. देशकरांनी माईकवरून जाहीर केलं की तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रम संपला आहे. तांत्रिक अडचण तिथंच वायर धरून उभी होती.

गुरुजी मूळचे फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यातले. त्यांचे पणजे बैलांच्या पाठीवर समुद्राकाठचं मीठ लादून वऱ्हाडात आणायचे. "आम्ही काही नवीन नाही करून राह्यलो," ते म्हणत, "त्याच वाटेनं उलटं चाललो." तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. बायकोच्या, पुष्पाताईंच्या, औषधपाण्यासाठी यवतमाळला दोन खोल्या घेतल्या. तीन वर्षांमागं पुष्पाताई गेल्या. गुरुजी दोन खोल्यांत राहिले.

आणि त्यानंतर सहा महिन्यांतच त्यांनी जहाज धरलं. कॉलनीत तर्क चालले. कोणी म्हणालं, पेन्शन उतू चाललं. कोणी म्हणालं, म्हातारपणी डोक्यात वारं शिरलं. आमची शीला म्हणाली, "घरी बोलायला माणूस नाही, करतील काय बिचारे!" तिचं म्हणणं मला पटलं होतं, पण घरात मी तसं एकदम कबूल करत नाही.

पण ज्ञान पक्कं. कॉलनीतलं कोणीही गोव्याला निघालं, मग ते रेल्वेनं का असेना, आधी गुरुजींचा सल्ला घेऊन जाई.

"हे पाहा," गुरुजी सांगत, "मोठी बॅग बंदरावर आपल्याजवळून घेतात. ते खोलीवर येते संध्याकाळी. म्हणून बीपीच्या गोळ्या अन् एक जोड कपडा खांद्याच्या पिशवीत ठेवाचा. नाहीतर बसा सात वाजेपर्यंत रेल्वेच्या कपड्यात."

"खोली घ्याची तं मधातली अन् खालची. टोकाची घेऊ नोका. जहाजाचं टोक अन् एसटीची मागची सीट, दोन्ही सारखेच. रस्ता ड्रायव्हरले कमी समजते, मागच्याले जास्त."

"खिडकी कायले पाह्यजे? समुद्र वर डेकवर सगळ्यायले सारखाच हाय. खोलीत झोपाचं असते."

"खोलीच्या भिंती लोखंडाच्या. चुंबकाचे हुक घेऊन जा, टॉवेल टांगाले. लोक सोन्याच्या बांगड्या घालून जातात अन् ओला टॉवेल खुर्चीवर टाकतात."

"जेवणावर पहिल्याच दिवशी तुटून पडू नोका. ते लग्नाची पंगत नाही. उद्याही राहते, परवाही राहते."

"मळमळलं तं उपाशी राहू नोका. कोरडी पोळी खा, आवळकाठी चघळा अन् लांब पाहा. जवळ पाह्यलं का चक्कर येते. हे जमिनीवरही खरं हाय."

एक गोष्ट मात्र ते फार जीव लावून सांगत. जहाज सुटायच्या आधी भोंगा वाजतो आणि प्रत्येक प्रवाशाला नेमलेल्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. माणूस आला की त्याची नोंद होते. बाकीचे प्रवासी कंटाळतात. गुरुजींना तो सगळ्या सफरीतला उत्तम भाग वाटे.

"हजेरी घेतात हो! एक माणूस आला नाही तं त्याच्या खोलीवर जाऊन पाह्यतात, काहून आला नाही म्हणून." मग जरा थांबून, "इथं माह्या खोलीवर कोण येऊन पाह्यते?"

मी समोरच्याच गल्लीत राहतो. ऐकून मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

आणि प्रत्येक वेळी, शेवटी, न चुकता: "वाढणाऱ्याच्या छातीवर नाव लिहून असते. ते वाचत जा. 'ए, पाणी आण' म्हणू नोका. तोही कोणाचा तरी पोट्टा असते."

आम्हाला वाटे, मास्तर माणूस, संस्कार सांगणारच.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाल आणि नारळ घेऊन मी माफी मागायला गेलो. दार उघडंच होतं. पलंगावर बॅग उघडी, तीत चुंबकाचे हुक, आवळकाठीचं पाकीट. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. बाकीची भांडी वर, कागदात गुंडाळून.

"गुरुजी, काल माझं चुकलं."

"नारळ तिथं ठेवा."

ठेवला. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "तो पोरगा..."

"ओम हाय तो. माहा."

गुरुजींना मुलगा आहे, बाहेर कुठं हॉटेलात नोकरीला आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तो त्याच जहाजावर वाढपी आहे हे ठाऊक नव्हतं. गुरुजी शर्टाची घडी करत, माझ्याकडे न पाहता सांगू लागले. पुष्पाताई गेल्या तेव्हा ओमचं जहाज लक्षद्वीपकडे होतं. निरोप मिळून, उतरून, घरी पोचायला त्याला चौथा दिवस लागला. दारात उभा राहिला, खांद्यावर पिशवी. आणि गुरुजींनी विचारलं, "आता कायले आला?"

"तेहतीस वर्षं पोट्ट्यायले प्रश्न विचारले," ते म्हणाले, "एवढा वाईट प्रश्न नाही विचारला कोणाले."

ओमनं याडीच्या, म्हणजे आईच्या, फोटोला हात जोडले, संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्यानंतर घरी आला नाही. सुटी लागली की मित्राकडं राहतो. फोन उचलत नाही.

"मग म्या इचार केला. घरून पोट्टा निघून जाऊ शकते. जहाजावरून कुठं जाईल?"

पहिल्या सफरीत पहिल्या रात्री गुरुजी जेवायला बसले आणि ओम ताट घेऊन आला. बापाला पाहिलं. ताट हललं नाही. म्हणाला, "गुड इव्हनिंग, सर."

"म्या म्हटलं, बस. तो म्हणे, सर, आम्हाला पाहुण्यांसोबत बसता येत नाही. नियम हाय. आता पाहा, मी जिंदगीभर पोट्टे उभे केले. माह्याच पोट्ट्याले बसवता नाही येऊन राह्यलं."

तेव्हापासून सात सफरी. दर वेळी तेच जहाज, पहिल्याच दिवशी मागून घेतलेलं तेच टेबल. डाळ आहे सर. पापड देऊ सर. कॉफी घेणार सर. गुरुजी "हो" म्हणत, "नको" म्हणत, आणि तो वळला की फोटो काढत. समोरून काढायची हिंमत होत नव्हती.

"आता आठवी. परवा निघतो. बाजूच्या टेबलवर वाढणारा पोट्टा मांगच्या वेळेस सांगत होता, ओमचा करार या महिन्यात संपते. मंग तो परदेशातल्या जहाजावर चालला. हे शेवटची हाय."

"काय बोलणार त्याला?"

"'घरी ये' म्हणाचं हाय. बस."

"मग म्हणा की! त्यात काय आहे?"

"तुम्हीच म्हणून दाखवा तुमच्या पोट्ट्याले," गुरुजी म्हणाले, आणि मला आठवलं की माझा सलील पुण्याहून दिवाळीला आला नव्हता, आणि मी फोनवर त्याला फक्त गाडीच्या विम्याचं विचारलं होतं.

मग आम्ही तालीम केली. दोन म्हातारे, दुपारी तीन वाजता. मी गुरुजींचं एकुलतं एक ताट हातात धरलं, टॉवेल मनगटावर टाकला आणि स्वयंपाकघरातून चालत आलो.

"गुड इव्हनिंग, सर."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"डाळ कोणती हाय?"

"गुरुजी!"

"थांबा, थांबा. पुन्हा या."

मी पुन्हा आलो. पाच वेळा आलो. दुसऱ्यांदा त्यांनी पाणी मागितलं, तिसऱ्यांदा लोणचं. चौथ्यांदा म्हणाले, "तुम्ही ताट वाकडं धरून राह्यले." पाचव्यांदा "घरी" एवढं आलं, आणि मग ते उठून खिडकीपाशी गेले नि बाहेर कोणाचीतरी बकरी बराच वेळ पाहत राहिले. मी ताट मांडणीवर ठेवलं. जागा चुकायचा प्रश्नच नव्हता.

ठरल्या दिवशी मी स्कूटरवरून त्यांना बसस्टँडवर सोडलं. तिथून धामणगाव, तिथून रेल्वे. एसटीच्या पायरीवर ते वळले, म्हणाले, "सचिवसाहेब, हजेरी लावजा घरावर एकदा." मी पाचही दिवस रोज सकाळी जाऊन कुलूप पाहून आलो. कुलूप हजर होतं.

परतले त्या दिवशी मी स्टँडवर होतो. चेहऱ्यावरून काही कळेना. स्कूटरवर मागं बसून कानाशी बोलले, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि बहुधा म्हणूनच बोलले.

"पहिल्या रात्री नाही जमलं. दुसऱ्या रात्री समुद्र खवळला. अर्धं जहाज खोल्यांत आडवं. हॉलमध्ये आमच्या बाजूले मी एकटाच. अन् तो बाजूले उभा. अर्धा घंटा. दुसरं काम नव्हतं त्याले."

"मग?"

"म्हटलं, ओम. तो म्हणे, येस सर. म्हटलं, ये."

मी स्कूटर हळू केली.

"तो म्हणे, कुठं, सर?"

"मग तुम्ही सांगितलं ना, घरी म्हणून?"

"म्हटलं, काही नाही. पाणी आण."

पुढं बराच वेळ खड्डेच बोलले. दत्त चौक ओलांडल्यावर गुरुजी पुन्हा म्हणाले, "आखरी दिवशी ताट उचलता उचलता त्यानं विचारलं. आमच्या गोरबोलीत, खालच्या आवाजात. गोळ्या घेता का वेळेवर, म्हणून. तीन सालात पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हाव म्हटलं."

"एवढंच?"

"मंग काय खोटं सांगू? घेतोच ना."

त्यांना दारात सोडलं. नंतर चार दिवस ते संघात आले नाहीत, फिरायलाही दिसले नाहीत. ओमचं परदेशी जहाज मधल्या काळात सुटलं असणार, हे मला माहीत होतं. मनात नको ते येऊ लागलं. शीला म्हणाली, "इथं बसून काय विचार करता, जाऊन पाहा ना!" पाचव्या दिवशी मी गेलो तर दाराला कुलूप. ओट्यावर तासभर बसलो. शेजारच्या बाईंनी मला दोनदा चहाचं विचारलं आणि एकदा काही हरवलं आहे का, ते विचारलं.

उन्हं उतरता उतरता गुरुजी आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत प्लॅस्टिकची फाईल. मला पाहून आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. कुलूप उघडलं, मला खुर्ची दिली, एकुलत्या पेल्यात पाणी दिलं.

मी आल्यापासून मनात जुळवलेलं सगळं एकदम बोलून टाकलं. म्हणालो, गुरुजी, तुम्ही तुमच्याकडून केलं ते पुष्कळ केलं. पोरानं गोळ्यांचं विचारलं, म्हणजे बर्फ नाही म्हटलं तरी थोडा वितळला. आता तो लांब गेला. एक दिवस स्वतःहून येईल. तुम्ही आता ही जहाजं पुरे करा, जिवाला त्रास करून घेऊ नका, इथं आम्ही आहोत, संघ आहे, निवांत घरी राहा.

गुरुजींनी फाईल मांडणीवर ताटाशेजारी ठेवली.

"पासपोर्टचा अर्ज टाकून आलो."