वीस सेकंदांचा राम राम

सत्त्याण्णवच्या मार्चमधला सोमवार. जळगावातल्या एका डाळ मिलचं ऑफिस. टेबलावर मी बसवलेलं टेलिफोन एक्स्चेंज, समोर शेठ, आणि स्पीकरवर एकामागून एक लोक शेठची तब्येत विचारत होते...

सांगतो. मिलमध्ये आठ एक्स्टेन्शनची सिस्टिम मी आधीच बसवली होती. आता शेठना त्यात व्हॉइस कार्ड हवं होतं, म्हणजे रविवारी मिल बंद असताना शेतकऱ्यांचे, दलालांचे फोन मशीननेच घ्यायचे आणि निरोप रेकॉर्ड करून ठेवायचे.

माझ्याकडे डिप्लोमा नाही. रेडिओ दुरुस्तीपासून सगळं स्वतःचं स्वतः शिकलो. पण त्या कार्डचं एकशे बारा पानांचं इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी शेजारी ठेवून दोनदा वाचलं होतं.

खेड्यातले बहुतेक फोन तेव्हा गोल डायलचे. त्यावरून फिरवलेला आकडा या कार्डला कळत नाही, म्हणून 'एक दाबा, दोन दाबा' मी ठेवलंच नाही. माझ्या आवाजात एक वाक्य, "नमस्कार, बीपनंतर आपला निरोप सांगा"... आणि बीप. निरोपाला वीस सेकंद. कार्डवर आठ मिनिटांची जागा, म्हणजे बरोबर चोवीस निरोप.

त्या सोमवारी चोवीसही भरले होते. "राम राम शेठ! कसं शे? बठ्ठं मजामा ना? घरमा सगळा बरा? यंदा आठे ऊन..." कट. "राम राम भाऊ, जेवण व्हयनं का?..." कट. चोवीस माणसं, आणि कामाचा शब्द एकाच्याही तोंडी नाही. आपल्याकडे फोन लागल्या लागल्या कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा... हे मॅन्युअलमध्ये नव्हतं.

शेठ हसले नाहीत. "भाऊ, तब्येत विचारायला घेतलं का हे मशीन? पुढच्या सोमवारपर्यंत बघा. नाहीतर उचला. मी पुण्याहून इंजिनियर बोलावतो, शिकलेला." शेवटचा शब्द त्यांनी सावकाश म्हटला.

ऑफिसात फोनवर बसणाऱ्या कुसुमताई तेवढ्या माझ्या बाजूने बोलल्या. बाजूने म्हणजे काय... "लोकांचा काय दोष, भाऊ? तुमचं यंत्र राम राम घेतच नाही."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी स्टॉपवॉच घेऊन चोवीस निरोप पुन्हा ऐकले. ख्यालीखुशाली कितव्या सेकंदाला संपते ते लिहायचं होतं. वेळ दुप्पट केली तर निरोप बाराच मावणार, ते पुरणार नाहीत. दुसरा काहीतरी मार्ग काढायला हवा होता.

सातव्या-आठव्या निरोपाला माझं पेन थांबलं. "जेवण व्हयनं का? तब्येत बरी ना?"... कोणी शेठना विचारत होतं, कोणी ताईंना. ऐकत मी एकटाच बसलो होतो. आई गेल्यापासून धुळ्यातल्या देवपूरच्या घराला कुलूप, जळगावात भाड्याची खोली, आणि दिवसभर बोलायचं ते वायर, लाइन आणि डायलटोनबद्दल. मला असं कोणी शेवटचं कधी विचारलं, ते काही केल्या आठवेना.

त्याच दुपारी रेकॉर्डिंग बदललं. नमस्कार काढला. घरच्या अहिराणीत म्हटलं, "राम राम. आठे बठ्ठं मजामा शे. तठे कसं शे?" म्हणजे, इथे सगळं मजेत, तिकडे कसं आहे? मग पाच सेकंद गप्प. समोरच्याला काय सांगायचं ते सांगू दे. मग, "आते काम सांगा"... आणि बीप. म्हणजे खुशाली रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आत उरकणार, आणि वीसच्या वीस सेकंद कामाला मिळणार.

रविवारी धुळ्याला गेलो. बाहेरगावच्या लाइनवर आवाज स्वच्छ येतो का, ते तपासायचं होतं. देवपूरच्या एका एसटीडी बूथमधून मिलचा नंबर लावला. 'टेस्टिंग, वन, टू, थ्री' म्हणायचं ठरवून गेलो होतो.

आवाज अगदी स्वच्छ होता. "तठे कसं शे?" मीच विचारलं, आणि पाच सेकंद मीच थांबलो. "आते काम सांगा." बीप. तोंडातून कसंबसं निघालं, "मी बोलतोय... काम काही नाही." पुढचे सेकंद तसाच रिसीव्हर धरून उभा होतो. मग लाइन कट झाली.

सोमवारी शेठ पुन्हा समोर. एकोणीस निरोप. ताई स्पीकरवर एकेक लावत होत्या आणि रजिस्टरमध्ये नाव, गाव, काम लिहीत होत्या. कोणाचा हरभरा तयार, कोणाला माल भरायला बारदान हवं... अठरापर्यंत एकही निरोप अर्धवट नाही. शेठची मान हलू लागली होती. पण एकोणिसावा माझाच होता, धुळ्याहून लावलेला, आणि तो मी पुसायचा विसरलो होतो.

"मी..." एवढंच स्पीकरवर आलं, आणि ताईंनी झटकन रिसीव्हर उचलून कानाला लावला. स्पीकर बंद. पूर्ण वीस सेकंद त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हा कोरा शे, शेठ."

शेठ उठले. "राहू द्या मशीन. पुण्याला फोन नको." माझ्याकडे बघून म्हणाले, "जमलं तुम्हाला." या वाक्यासाठी मी आठवडाभर झटलो होतो... पण तेव्हा माझं लक्ष रजिस्टरकडे होतं.

ताईंनी ते माझ्याकडे फिरवलं. नाव : आपले भाऊ. गाव : धुळे. काम : काही नाही. पेनाला टोपण लावलं, आपल्या जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा काढून माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "कसं शे, भाऊ?"

त्यानंतर बऱ्याच ऑफिसांत असे आवाज बसवले, आणि ताईंचे आभार मानायचे राहूनच गेले. आज मानतो. उत्तरासाठी मशीनमध्ये मी पाच सेकंद ठेवले होते... ताई त्याहून कितीतरी जास्त थांबल्या.